परदेशातल्या सत्राचे श्रेयांक: निर्णय विद्यार्थी निघण्यापूर्वीच व्हावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

राज्यातील अनेक महाविद्यालयांनी अमेरिकी विद्यापीठांशी विद्यार्थी-देवाणघेवाणीचे सामंजस्य करार केले आहेत आणि प्रवेशाच्या दिवसांत माहितीपत्रकांत त्यांचा आवर्जून उल्लेख केला जातो. अशाच एका करारानुसार मी पदवीचे पाचवे सत्र अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका राज्य विद्यापीठात शिकून आले. त्या सत्राइतके मोलाचे शिक्षण मला आजवर मिळालेले नाही, आणि माझ्यामागून येणाऱ्या मुलामुलींनी अशी संधी सोडू नये असेच मी सांगेन. मात्र त्यांना पाठवणाऱ्या संस्थांनी एक काम विद्यार्थी निघण्यापूर्वी पुरे केलेच पाहिजे. तिकडे मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) इकडे किती आणि कसे धरले जातील, याचा निर्णय परीक्षेचा अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांच्या सहीने, लेखी झाला पाहिजे. माझ्या आणि माझ्या ओळखीतल्या काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत तो परतल्यानंतर, अर्जविनंत्या करत, महिनोन्महिने रखडत झाला. आणि त्यात ज्यांचे नुकसान झाले त्यांतले कोणीही अभ्यासात कमी पडलेले नव्हते.

पदवी घेण्यासाठी अमेरिकेला जाणे आणि एका सत्रासाठी एक्स्चेंजवर जाणे यांत अजूनही बरीच गल्लत होते, म्हणून थोडे स्पष्ट करते. पदवीसाठी जाणारा विद्यार्थी सहसा एफ-१ व्हिसावर जातो. एक्स्चेंजवर जाणाऱ्याला यजमान विद्यापीठ डीएस-२०१९ हा दाखला पाठवते आणि त्याच्या आधारे जे-१ व्हिसा मिळतो. या व्हिसाचे मूळ अमेरिकेच्या १९६१ च्या शैक्षणिक व सांस्कृतिक देवाणघेवाण कायद्यात आहे. दोन विद्यापीठे एकमेकांकडे विद्यार्थी पाठवतात, प्रत्येक विद्यार्थी शिकवणीचे शुल्क आपल्या मूळ संस्थेतच भरतो आणि यजमान विद्यापीठ ते पुन्हा आकारत नाही, हा खऱ्या एक्स्चेंजचा पाया आहे. वसतिगृह, भोजन, विमा, पुस्तके आणि प्रवास यांचा खर्च विद्यार्थ्याच्याच माथी असतो आणि तो काही थोडा नसतो. तरीही अमेरिकी राज्य विद्यापीठे बाहेरच्या विद्यार्थ्याकडून एरवी जे शुल्क घेतात ते वाचते, आणि मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला जाणे शक्य होते ते एवढ्याचमुळे. पालकांनी येथे एक गोष्ट नीट विचारून घ्यावी. पूर्ण शुल्क भरून 'व्हिजिटिंग' विद्यार्थी म्हणून एक सत्र शिकण्याची सोयही अनेक विद्यापीठांत असते. ती गैर नाही, पण तिलाच एक्स्चेंज म्हणून सांगितले जात असेल तर यजमान विद्यापीठाच्या पत्रात शिकवणी-शुल्क माफ असल्याचे स्पष्ट वाक्य आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

आता शिकण्याविषयी. पहिल्या तासाला प्राध्यापक जो अभ्यासक्रमाचा कागद हातात देतात, तो आपल्याकडच्या विषयसूचीसारखा नसतो. कोणत्या तारखेच्या तासाला कोणते प्रकरण वाचून यायचे, छोट्या चाचण्यांना किती टक्के, निबंधाला किती, अंतिम परीक्षेला किती, काम एक दिवस उशिरा दिले तर किती गुण कापले जाणार, दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून दिले तर काय कारवाई होणार, आणि प्राध्यापक आठवड्यातून कोणत्या वेळी आपल्या खोलीत विद्यार्थ्यांसाठी बसलेले असतील, हे सारे त्यात लिहिलेले असते आणि सत्रभर तसेच पाळले जाते. शेवटच्या पंधरवड्यात गाइड आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन बसण्याची सवय तेथे उपयोगी पडत नाही, कारण अंतिम परीक्षेच्या दिवसापर्यंत बहुतांश गुण आधीच ठरून गेलेले असतात.

मी घेतलेल्या विषयांपैकी एक पर्यावरणाच्या अर्थशास्त्राचा होता आणि त्याचा मोठा भाग ओगलाला या भूजलसाठ्यावर होता. साउथ डकोटापासून टेक्सासपर्यंत आठ राज्यांच्या पोटात पसरलेला हा साठा गेल्या शतकाच्या मध्यापासून सिंचनासाठी उपसला जात आहे. एका केंद्राभोवती फिरणारी जी सिंचनयंत्रे तेथील शेतांना विमानातून दिसणारा गोल आकार देतात, त्यांचे पेटंट १९५२ चे आहे. नेब्रास्का राज्याने भूजलाच्या नियमनाचे काम, १९७२ मध्ये अस्तित्वात आलेल्या आणि स्थानिक मतदारांनी निवडून दिलेल्या मंडळांकडे सोपवले आहे. अशा एका मंडळाच्या खुल्या बैठकीला आमचा वर्ग नेला होता. एक वयस्क शेतकरी आपल्या विहिरीवरच्या मीटरची नोंदवही घेऊन उभा राहिला आणि प्रत्येक एकराला किती इंच पाणी उपसू द्यायचे यावर, आवाज न चढवता पण एक पाऊलही मागे न घेता, मंडळाच्या सदस्यांशी बोलत राहिला. सदस्यांपैकी काही जण स्वतः शेतकरी होते आणि त्यांच्याही विहिरींना तीच मर्यादा लागू होती. विहिरी आणि बोअरवेल दर उन्हाळ्यात आटताना पाहत वाढलेल्या मुलीला ती बैठक काय वाटली असेल, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्यावर मी जो निबंध लिहिला त्यात महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याशी तुलना केली होती. प्राध्यापकांनी पहिला मसुदा परत दिला तेव्हा समासात एकच प्रश्न होता: 'यांपैकी कोणता आकडा तुम्ही मूळ अहवालात जाऊन पाहिला आहे?' पुढचे दोन आठवडे मी ग्रंथालयात त्या प्रश्नाचे उत्तर शोधत होते. त्या विद्यापीठाकडे नसलेला एक अहवाल ग्रंथपालांनी दुसऱ्या राज्यातील ग्रंथालयाकडून एकही पैसा न घेता मागवून दिला.

एवढ्या तपशिलात शिरण्याचे कारण असे की, परत आल्यावर नेमका हाच विषय इकडे 'समकक्ष नाही' म्हणून बाजूला ठेवण्यात आला. आमच्या अभ्यासक्रमात त्या नावाचा पेपर नव्हता. ज्या विषयाचे नाव येथील विषयाशी तंतोतंत जुळते तोच मान्य करायचा असा दंडक ठेवला, तर येथे जे शिकायला मिळते तेच पुन्हा शिकण्यासाठी विद्यार्थ्याला समुद्रापार पाठवल्यासारखे होते. समकक्षता पाहताना विषयाची पातळी आणि त्यासाठी लागलेले तास पाहावेत; तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विषय अमेरिकी विद्यापीठांत बहुधा ३०० किंवा ४०० पासूनच्या क्रमांकांनी ओळखले जातात, त्यामुळे पातळी ठरवणे कठीणही नाही. शीर्षक जुळले नाही तर तो विषय ऐच्छिक म्हणून धरता येतो.

दुसरी अडचण श्रेयांकांच्या संख्येची आहे. अमेरिकेत पदवी साधारणतः चार वर्षांत १२० श्रेयांकांची असते, म्हणजे सत्राला १५. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून राहण्यासाठी किमान १२ लागतात आणि जे-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ शिकणे बंधनकारक आहे. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीलाच १२० श्रेयांक लागतात, म्हणजे सत्राला २० च्या आसपास. परिणामी तिकडे भरपूर अभ्यास करून, सर्व विषयांत उत्तम श्रेणी घेऊन १५ श्रेयांकांनिशी परतलेला विद्यार्थी इकडच्या कागदावर पाच श्रेयांकांनी कमी पडतो. वस्तुतः तिकडच्या एका श्रेयांकामागे वर्गाबाहेर जे वाचन आणि लेखन अपेक्षित असते, म्हणजे वर्गातील प्रत्येक तासामागे साधारण दोन तास, ते हिशेबात घेतले तर पूर्ण सत्राच्या बदल्यात पूर्ण सत्र धरण्यात काहीच अन्याय नाही. ते मान्य नसेल तर उरलेले श्रेयांक कोणत्या मार्गाने, प्रकल्प करून की ऑनलाइन अभ्यासक्रमातून, भरून काढायचे हे विद्यार्थ्याला निघण्यापूर्वी, जुलैत कळले पाहिजे. परतल्यावर, जानेवारीत कळून त्याचा उपयोग नाही.

श्रेणींचा घोळ याहून मनाला लागणारा आहे. अमेरिकेत 'ए' ही सहसा सर्वोच्च श्रेणी असते आणि तिचे मूल्य ४ पैकी ४ धरले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या पद्धतीत मात्र 'ओ' म्हणजे १०, 'ए प्लस' म्हणजे ९ आणि 'ए' म्हणजे ८. परीक्षा विभागातील कर्मचाऱ्याने तिकडच्या गुणपत्रकातील 'ए' हे अक्षर पाहून आपल्या तक्त्यातील 'ए' समोरचा आकडा लिहिला, तर वर्गात पहिली आलेली मुलगी एका क्षणात तिसऱ्या श्रेणीत जाते. हे काल्पनिक नाही. माझ्या गुणपत्रकाच्या पहिल्या मसुद्यात असेच घडले होते. त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही, कारण त्याच्या हाती रूपांतराचा कोणताही तक्ता देण्यात आलेला नव्हता आणि तो स्वतःच्या अधिकारात तसा तक्ता तयारही करू शकत नव्हता. शंभरपैकी गुण दाखवा, असे पत्रही मला आले. अमेरिकी गुणपत्रकावर केवळ श्रेणी असतात, शंभरपैकी गुण नसतात. शिवाय १९७४ च्या तेथील कायद्यानुसार विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ त्याच्या गुणांची माहिती सहसा कोणालाही देत नाही, त्यामुळे येथून थेट तिकडे पाठवलेल्या चौकशीला उत्तर येत नाही आणि इकडे मात्र यजमान विद्यापीठ सहकार्य करत नाही असा समज होतो. अधिकृत गुणपत्रक विद्यार्थ्याने स्वतः मागवायचे असते. ही इतकी साधी बाब आधी सांगितलेली असती तर आमचे कितीतरी आठवडे वाचले असते.

या साऱ्याच्या मुळाशी अधिकाराचा प्रश्न आहे. संलग्न महाविद्यालय उत्साहाने करार करते, पण परीक्षा घेण्याचा आणि निकाल लावण्याचा अधिकार विद्यापीठाकडे असतो, आणि विषयाची समकक्षता ठरवणारे अभ्यास मंडळ आणखी तिसरीकडे असते. विद्यार्थ्याला निरोप देताना प्राचार्यांनी दिलेले 'काळजी करू नकोस, आपण बघू' हे आश्वासन मनापासूनचे असले, तरी परीक्षा विभागाच्या खिडकीवर त्याचा उपयोग होत नाही. स्वायत्त महाविद्यालयांत हे काम तुलनेने सोपे आहे, कारण अभ्यासक्रम आणि परीक्षा दोन्ही त्यांच्याच हाती असतात. तेथील काही मित्रांचे श्रेयांक परतल्यावर अल्पावधीत नोंदले गेले. संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या वाट्याला मात्र बहुतेकदा राखून ठेवलेला निकाल येतो. तिकडचे फॉल सत्र ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालते आणि आपली परीक्षा त्याआधीच होऊन गेलेली असते. म्हणजे श्रेयांक नाकारले गेले तर विद्यार्थी त्या सत्रात गैरहजर ठरतो आणि त्याला एटीकेटी लागते. पदव्युत्तर प्रवेशाच्या अर्जात सर्व सत्रांच्या गुणपत्रिका मागितल्या जातात, त्या वेळी या रिकाम्या रकान्याचे स्पष्टीकरण द्यायला जागाही नसते. माझ्याबरोबर तिकडे असलेल्या, दुसऱ्या शहरातील एका विद्यार्थ्याचे याच कारणाने एक वर्ष गेले. त्याच्या वडिलांनी त्या सत्रासाठी कर्ज काढले होते.

यावर नियमच नाहीत, असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये परदेशी संस्थांशी शैक्षणिक सहकार्याची जी नियमावली केली, तिच्यातील ट्विनिंगच्या (पदवी भारतीय संस्थेची, पण शिक्षणाचा काही भाग परदेशी संस्थेत) तरतुदीनुसार भारतीय पदवीच्या एकूण श्रेयांकांपैकी ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेतून घेता येतात. एका सत्राचे श्रेयांक तीन वर्षांच्या पदवीचा जेमतेम सहावा हिस्सा होतात. एक्स्चेंज म्हणजे ट्विनिंग नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण जे धोरण पदवीचा जवळजवळ तिसरा हिस्सा बाहेर शिकू देते, ते सहाव्या हिश्शाला आडवे येईल असे मानण्याचे कारण नाही. २०२१ मध्ये आलेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेमागेही विद्यार्थ्याने कष्टाने मिळवलेले श्रेयांक संस्था बदलली म्हणून वाया जाऊ नयेत हाच हेतू आहे.

आपल्या राज्यातील माणसांचे अमेरिकी विद्यापीठांशी असलेले नाते जुने आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून वैद्यकीय पदवी घेऊन उत्तीर्ण झाल्या, ज्ञानकोशकार केतकर कॉर्नेल विद्यापीठात शिकले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बाबासाहेब बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन निघाले तेव्हा परतल्यानंतर संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार आधी कागदावर झाला होता. त्या कराराचे पुढे काय झाले हा इतिहास वेगळा आणि वेदनादायक आहे. येथे एवढेच म्हणायचे आहे की, परतल्यावर काय अपेक्षित आहे हे जाणाऱ्याला आधी लेखी कळवण्याची रीत शंभर वर्षांपूर्वीच्या एका संस्थानाला जमत होती.

आज करायचे काम फार मोठे नाही. निवड झालेल्या विद्यार्थ्याने यजमान विद्यापीठातील विषयांची यादी त्यांच्या अभ्यासक्रमासह द्यावी. अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांनी आणि परीक्षा विभागाने प्रत्येक विषयापुढे तो कोणत्या विषयाऐवजी व किती श्रेयांकांसाठी धरला जाईल हे लिहून सही करावी. श्रेणी-रूपांतराचा तक्ता त्याच कागदाला जोडावा. ही यादी प्रत्यक्षात लागणाऱ्या विषयांपेक्षा मोठी असावी, कारण तिकडे पोहोचल्यावर एखादा वर्ग भरलेला असतो, एखाद्या विषयाला आधी दुसरा विषय शिकलेला असण्याची अट असते, आणि पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच काय ते बदल करावे लागतात. त्या धावपळीत येथून ईमेलचे उत्तर येण्याची वाट पाहणे शक्य नसते. मला एक विषय याच कारणाने बदलावा लागला आणि तो मंजूर यादीत नव्हता, हा एवढा मुद्दा पुढे सर्वांत जास्त काळ लटकत राहिला.

पालकांसाठी दोन-तीन गोष्टी लिहिणे आवश्यक वाटते. जे-१ विद्यार्थ्याचा विमा प्रत्येक आजारासाठी किंवा अपघातासाठी किमान १,००,००० डॉलरचे संरक्षण देणारा असावा, असा अमेरिकी सरकारचा नियम आहे. स्वस्तातली प्रवास-पॉलिसी या नियमात बसेलच असे नाही, आणि बसली तरी यजमान विद्यापीठ आपलाच विमा घेण्याचा आग्रह धरू शकते, म्हणून दोनदा पैसे भरण्यापूर्वी त्यांना विचारावे. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्या आठवड्यात अनेक ठिकाणी भोजनगृहे आणि काही वसतिगृहेही बंद राहतात. मूल कोठे राहणार याची तजवीज ऑक्टोबरातच झालेली बरी. आणि हे सत्र म्हणजे तेथे नोकरी मिळवण्याचा मार्ग नव्हे. पदवीनंतर एफ-१ विद्यार्थ्यांना कामाची जी वाढीव मुदत मिळते ती येथे लागू नाही. सत्र संपल्यावर जे-१ विद्यार्थ्याला आवराआवर आणि प्रवास यांसाठी ३० दिवस मिळतात. तो विद्यार्थी परत येणार हे त्या व्हिसाने गृहीतच धरलेले असते. म्हणूनच परत येणाऱ्याच्या स्वागताची जबाबदारी मूळ संस्थेवर येते.

ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी बहुतेक अमेरिकी विद्यापीठे भागीदार संस्थांकडून विद्यार्थ्यांची नावे फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास मागवतात. राज्यातील विद्यापीठांच्या परीक्षा विभागांनी श्रेणी-रूपांतराचा तक्ता आणि समकक्षतेचा नमुना-अर्ज त्याआधी, जानेवारी अखेरपर्यंत, आपल्या संकेतस्थळांवर प्रसिद्ध करावा, आणि ज्या महाविद्यालयांकडे विद्यापीठाची अशी लेखी संमती नाही त्यांनी यंदाची नावे पाठवण्यापूर्वी ती मिळवावी, ही आपल्या पत्राद्वारे संबंधितांना कळकळीची विनंती आहे. विद्यार्थ्यांनीही आपले नाव देताना तो कागद मागावा आणि मिळेपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये.

आपली विश्वासू,
अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी
(नाव विनंतीवरून प्रसिद्ध केलेले नाही)